बर्फाची जाडी व बर्फाचें बळ

मत्स्याहार आपल्यापैकीं पुष्कळांस वर्ज्य असेल; तथापि मासेमारांपासून एक धडा घेण्यासारखा आहे. उत्तर अमेरिकेंतील ईरी सरोवर कडक हिवाळ्यांत गोठतें. हौशी लोक त्यावर चालत जातात, गिरमिटानें भोंक पाडतात व खालच्या पाण्यांत गळ सोडून बसतात. माणसाचा भार पेलण्यास नव्या, नितळ बर्फाचा निदान ४ इंच थर हवा, असा सामान्य नियम आहे. परंतु ऋतु सरत आला म्हणजे हा नियम फसतो. उन्हानें स्फटिकांचे सांधे झिजतात. फूटभर जाडीचा थरहि उभ्या कांड्यांच्या मोळीसारखा सुटा होतो व पायाखालीं अकस्मात् खचतो.

वाऱ्याचें भय निराळेंच. ७ फेब्रुवारी २००९ रोजीं याच सरोवरावर कित्येकांनीं बर्फांतील भेग लांकडी फळ्या टाकून ओलांडली. मग वाऱ्यानें तो सारा पट्टाच किनाऱ्यापासून तोडला. सुमारे १३४ जणांची सुटका करावी लागली. एकजण प्राणास मुकला.

म्हणून जाणता मासेमार कालच्या पाउलखुणांवर विसंबत नाहीं. पावलागणिक पहारीनें बर्फ ठोकून पाहतो, आणि पहार एका घावांत आरपार गेली कीं रिकाम्या हातानें घरीं परततो. तें परतणें भित्रेपणाचें नव्हे.