‘मनात काही नाही’ ही कैफियत

परप्रांतीय मजुरावरचे विनोद चवीने सांगणाऱ्या मनुष्यास वंशद्वेष्टा म्हणावे काय, असा प्रश्न निघाला की बहुतेक सभ्य गृहस्थ एकच कैफियत पुढे करतात: ‘आम्ही नुसते हसतो, मनात काही नाही.’ ही कैफियत खोटी असते असे माझे म्हणणे नाही. ती गैरलागू असते, एवढेच. मनाचा पंचनामा कोणासच करता येत नाही, आणि विनोद घडतो तो चारचौघांत.

एकीकडे शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आणि दुसरीकडे जालन्याचे पोलाद कारखाने, अशा करमाडच्या पट्ट्यात राबणारा उत्तरेकडील श्रमिक आपल्या संभाषणात स्वतःच्या नावाने क्वचितच येतो; तो येतो ‘भय्या’ म्हणून, आणि त्याचे उच्चार, त्याची तंबाखू, एका खोलीत दाटीने राहणारी माणसे हा सारा सरंजाम त्या एका शब्दासरशी हजर होतो. टाळेबंदीत गाड्या बंद असतील अशा समजुतीने जालन्याहून रुळांच्या वाटेने भुसावळकडे पायी निघालेले, मध्य प्रदेशातील शहडोल व उमरिया जिल्ह्यांचे मजूर करमाडनजीक थकून रुळांवरच निजले आणि ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडीखाली त्यांतील १६ जण मृत्यू पावले, तेव्हा हळहळीच्या पाठोपाठ ‘रुळावर कोणी झोपते काय?’ हा सवालही निघालाच. ज्याला वर्षानुवर्षे अडाणी म्हणून हसण्याचा परिपाठ आहे, त्याच्या मरणाचे कारणही त्याच्या अडाणीपणात शोधणे सोयीचे जाते. बुडालेला रोजगार, बंद पडलेली वाहने आणि रात्रीची पायपीट यांची मग चौकशी करावी लागत नाही.

‘अहो, तोही हसतो आमच्याबरोबर,’ असा दुसरा पुरावा दाखल होतो. परंतु ज्याची हजेरी मुकादमाच्या हाती, त्याचे मुकादमाच्या थट्टेवरील हसू साक्ष म्हणून कसे ग्राह्य धरावे? (मराठवाड्याच्या बोलीला पुण्यात जे हसतात, त्यांच्यात आपणही तोंडदेखले सामील होतोच की!)

शीख समाजावरील विनोदांना आळा घालावा या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, नागरिकांसाठी नैतिक आचारसंहिता आखून देणे न्यायालयास शक्य नाही, असे मत दिले, ते मला मान्य आहे. फौजदारीच्या धाकाने अभिरुची सुधारत नाही. एका विनोदावरून समग्र मनुष्याचा फैसलाही करू नये. तथापि जन्मावरून माणसाची किंमत ठरविणे, मग ती प्रांतावरून ठरवा वा जातीवरून, याचेच नाव वंशद्वेष असेल, तर विनोद सांगणारा त्या घटकेपुरता तरी तेच करीत असतो; आणि तोच गृहस्थ भाड्याची खोली दाखविताना ‘भय्या लोकांना देत नाही’ असे सहज बोलून जातो, तेव्हा तेथे कोणी हसत नसते.