फारसीभाषकांचे इंग्रजी : यादीपलीकडचा शब्द

फारसी ही इंग्रजीप्रमाणेच भारत-युरोपीय भाषाकुलातील भाषा असून ‘मादर’, ‘बरादर’, ‘दोख्तर’ अशा शब्दांतून ते नाते आजही दिसत असले, तरी प्रगत इंग्रजीकडे वळलेल्या इराणी किंवा अफगाण विद्यार्थ्याला त्याचा फारसा उपयोग होत नाही. इंग्रजीची विद्वत्तेची परिभाषा मुख्यतः लॅटिन, ग्रीक आणि फ्रेंचमधून आली, तर फारसीने ती गरज शतकानुशतके अरबीवर भागवली. त्यामुळे ‘हायपॉथिसिस’ हा शब्द स्पॅनिश विद्यार्थ्याला ऐकताक्षणी ओळखीचा वाटतो, पण त्याच अर्थी ‘फर्ज़िये’ म्हणणाऱ्याला तो मुळापासून शिकावा लागतो. तेहरानमध्ये १८५१ साली दारुल्फुनून ही आधुनिक शिक्षणसंस्था सुरू झाली, त्या काळापासून फारसीत फ्रेंच शब्दांची मोठी भर पडली हे खरे. मात्र त्यांतील अनेकांचे अर्थ तेथे बदलले असल्याने त्यांच्या भरवशावर राहता येत नाही. ‘दिप्लोम’ म्हणजे इराणमध्ये शालान्त शिक्षणाचा दाखला, आणि ‘रेझीम’ हा शब्द राजवटीइतकाच वजन कमी करण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या पथ्यालाही लागतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी इराणमध्ये जो मार्ग रुळला, तो पाठांतराचा. अमेरिकी विद्यार्थ्यांसाठी तयार झालेले आणि तेथे नुसते ‘५०४’ म्हणून ओळखले जाणारे शब्दसंग्रहाचे पुस्तक, आणि सेबास्टियान लाइटनर या जर्मन लेखकाच्या नावाने प्रसिद्ध असलेली, आठवलेले पत्ते पुढच्या कप्प्यात सरकवत उजळणीचे अंतर वाढवत नेणारी पेटी, ही या मार्गाची दोन ठळक साधने होत. त्यांची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्या पुस्तकात बारा-बारा शब्दांचे ४२ पाठ असून प्रत्येक शब्दासोबत वाक्येही दिलेली असताना, पत्त्यावर उतरताना अनेकदा वाक्ये गळतात आणि एका बाजूला इंग्रजी शब्द व दुसऱ्या बाजूला त्याचा फारसी प्रतिशब्द एवढेच उरते, ही खरी अडचण आहे.

तिचे मूळ फारसी क्रियापदाच्या घडणीत सापडते. फारसीत साधी क्रियापदे तुलनेने थोडी असून बहुसंख्य क्रिया संयुक्त क्रियापदांनी, म्हणजे नाम किंवा विशेषण आणि ‘कर्दन’ (करणे), ‘दादन’ (देणे), ‘ज़दन’ (मारणे), ‘खोर्दन’ (खाणे) यांसारखे एखादे सर्वसाधारण क्रियापद यांच्या जोडीने व्यक्त होतात. ‘ॲलिव्हिएट’ आणि ‘मिटिगेट’ या दोन्ही शब्दांपुढे द्विभाषिक कोशात ‘तस्कीन दादन’ हा एकच अर्थ आढळू शकतो. मग वेदना वा दारिद्र्य हलके करण्याला पहिला शब्द आणि धोका, हानी किंवा शिक्षेची तीव्रता कमी करण्याला दुसरा, हा इंग्रजीतील संकेत विद्यार्थ्यापर्यंत पोचतच नाही. ‘एश्तेबाह कर्दन’ची सवय असलेला विद्यार्थी ‘मेक अ मिस्टेक’ऐवजी ‘डू अ मिस्टेक’ लिहितो, तेव्हा त्याला शब्द येत नसतो असे नव्हे. शब्दाची जोडी ठाऊक नसते. कोणता शब्द कोणाच्या सोबतीने येतो याच्या या रूढ संकेताला शब्दसाहचर्य म्हणतात, आणि प्रगत पातळीवरील अनेक चुका तेथेच होतात.

शिक्षकांच्या नजरेतून सहसा निसटते ते असे, की जी घडण या चुकांना कारण ठरते तीच त्यांच्यावरील उपायही पुरवते. निर्णय ‘घ्यायचा’ असतो (तस्मीम गेरेफ्तन), सर्दी ‘खायची’ असते (सर्मा खोर्दन), बोल ‘मारायचे’ असतात (हर्फ ज़दन), आणि यांपैकी एकाही ठिकाणी क्रियापद बदलून चालत नाही, हे फारसीभाषकाला बालपणापासून अंगवळणी पडलेले असते. शब्दसाहचर्य ही कल्पना त्याला नव्याने शिकवावी लागत नाही. ती त्याच्याच भाषेतून उचलून दाखवावी लागते. मार, धक्के आणि टक्केटोणपे ‘खाणाऱ्या’ मराठीच्या शिक्षकाला तर हे विशेष सोपे जावे. शब्द फोडण्याच्या कौशल्याचेही तसेच आहे. ‘ना-’ आणि ‘बी-’ हे उपसर्ग, जे मराठीत ‘नापसंत’ व ‘बेकार’ यांसारख्या शब्दांतून फारसीकडूनच आले, ते वापरणाऱ्याला इंग्रजीतील नकारार्थी उपसर्गांचे तत्त्व एका तासात समजू शकते.

शब्दांच्या संख्येला महत्त्व नाही असे येथे सुचवायचे नाही. ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली ५७० शब्दकुलांची, म्हणजे मूळ शब्द आणि त्याची साधित रूपे यांच्या गटांची, यादी शैक्षणिक लेखनातील सुमारे १० टक्के शब्द व्यापते. पुण्यासारख्या शहरात पदव्युत्तर शिक्षणासाठी येणाऱ्या फारसीभाषक विद्यार्थ्याला तिची गरज आहेच. मात्र अशी यादी शिकवताना पत्त्याच्या मागे प्रतिशब्दाऐवजी शब्दाच्या दोन-तीन रूढ जोड्या आणि एक पूर्ण वाक्य असावे, जवळच्या अर्थाचे शब्द एकाच दिवशी न देता पहिला पक्का झाल्यावर दुसरा त्याच्याशी ताडून द्यावा, आणि चाचणीत ‘अर्थ लिहा’ या प्रश्नाची जागा ‘योग्य जोडी निवडून वाक्य लिहा’ या प्रश्नाने घ्यावी. यांतील शेवटचा बदल सर्वांत आधी करावा लागेल, कारण परीक्षा जोपर्यंत प्रतिशब्द मागत राहील, तोपर्यंत विद्यार्थीही प्रतिशब्दच पाठ करीत राहतील.