खवल्यामांजर आणि शेतकऱ्याचें हित

शेतीस उपद्रव देणाऱ्या जीवांची यादी करावयास सांगितली, तर कोणताही शेतकरी ती न अडखळतां म्हणून दाखवील. रानडुक्कर, वानर, उंदीर, हुमणी, वाळवी हीं नांवें त्यास पाठ असतात. परंतु न सांगतां शेतीचें काम करणाऱ्या जीवांची यादी विचारली, तर ती गांडूळ, साप व घुबड यांपुढें सहसा जात नाहीं. या दुसऱ्या यादींत खवल्यामांजराचें नांव घालावें, असें आमचें मत आहे. कोंकणांत व सह्याद्रीच्या रानांत हा प्राणी अद्याप आहे. परंतु तो रात्रीं हिंडतो व दिवसा बिळांत निजतो, त्यामुळें पुष्कळ शेतकऱ्यांनीं त्यास जन्मांत एकदांही पाहिलेलें नसतें.

नांवांत मांजर असलें तरी हा प्राणी मांजराच्या जातीचा नव्हे. जगांत याच्या ८ जाती आहेत; ४ आशियांत व ४ आफ्रिकेंत. भारतांत २ जाती असून आपल्या प्रांतांत त्यांपैकीं एकच आढळते. दक्षिण अमेरिकेंतील मोठा मुंगीखाऊही मुंग्या व वाळवी यांवरच जगतो, पण त्याचें गोत्र अगदीं निराळें. दोघांचा धंदा एक, म्हणून दोघांचीं अवजारेंही एकसारखीं झालीं: तोंडांत दांत नाहींत, पुढील पायांस बळकट नखें, आणि चिकट लाळेनें माखलेली लांबच लांब जीभ.

खवल्यामांजराची दृष्टि मंद, पण नाक तीक्ष्ण. वासावरून तें वारूळ किंवा जमिनींतील मुंग्यांचें घर हुडकतें, नखांनीं तेथें भोंक पाडतें आणि जीभ आंत सारतें. या जिभेचें मूळ इतर जनावरांप्रमाणें घशापाशीं नसून छातीच्या पार खालच्या टोकास असतें, यावरून तिची लांबी समजावी. चवताळलेल्या मुंग्या अंगावर आल्या असतां नाकपुड्या व कान मिटून घेण्याची सोय त्यास निसर्गानें दिली आहे. मुंग्या, वाळवी, त्यांचीं अंडीं व पिलें हें सर्व तें न चावतां गिळतें. भक्ष्याबरोबर बारीक खडेही पोटांत जातात, आणि जठराच्या जाड अस्तरावर त्या खड्यांनींच सर्व दळण होतें.

आतां शेतकऱ्याच्या दृष्टीनें मुख्य प्रश्न हा, कीं तें जें खातें त्याचा आपणांस उपयोग किती? वाळवी सर्वस्वीं शत्रु आहे असें आम्ही म्हणत नाहीं. काटक्या, पाचोळा व वाळलेलें शेण मातीस मिळविण्याचें मोठें काम तीच करते. वारुळाच्या पोटांत ती बुरशीची बाग लावते, आणि पावसाळ्यांत वारुळावर उगवणारी जी अळंबी आपण चवीनें खातों, ती त्याच बागेची. परंतु हीच वाळवी हलक्या व कोरड्या जमिनींत, विशेषतः कच्चें शेणखत घातलेल्या शेतांत, उसाचें बेणें पोखरते, भुईमुगाच्या शेंगा खरवडते, नारळाचीं रोपें उभीं वाळविते. मुंग्यांचेंही तसेंच. कांहीं मुंग्या किडी मारतात, तर कांहीं गोड रसाच्या लोभानें मावा व पिठ्या ढेकूण यांची राखण करतात. म्हणजे हीं दोन्हीं कुळें निर्मूळ करावयाचीं नाहींत, आटोक्यांत ठेवावयाचीं आहेत. आणि आटोक्यांत ठेवणें हेंच मुंगीखाऊंचें काम.

आमची हयात महसुलाच्या दप्तरांत गेली. म्हणून या प्राण्यांची रीत आम्हांस विशेष लक्षांत घेण्याजोगी वाटते. मोठा मुंगीखाऊ दिवसास ३० हजारांपर्यंत कीटक खातो, परंतु एका वारुळाशीं तो मिनिटभराच्या आसपासच थांबतो. सैनिक मुंग्या धांवून येतांच तो पुढील वारुळाकडे वळतो. वारूळ मोडून पडत नाहीं, मागें राहिलेल्या मुंग्या तें भोंक बुजवितात, आणि कांहीं दिवसांनीं तेथें पुन्हां वसुली होऊं शकते. खातेदार पुढल्या सालीं पेरणी करूं शकेल इतकें त्याच्या पदरीं ठेवून सारा घ्यावा, हें तत्त्व ज्या अंमलदारांनीं पाळलें त्यांचा वसूल कधीं थकला नाहीं. दुकानांतील विषारी औषधास हा विवेक नसतो. तें वाळवीबरोबर गांडूळही मारतें, आणि त्याचा खर्च दर सालीं करावा लागतो.

खवल्यामांजर आहे म्हणजे वाळवीची चिंता मिटली, असें मात्र कोणीं समजूं नये. शेणखत पुरतें कुजवूनच घालावें, बेण्यास प्रक्रिया करावी, हे उपाय चालूच ठेवले पाहिजेत. आमचें म्हणणें एवढेंच, कीं जो चाकर पगार मागत नाहीं, पिकास तोंड लावीत नाहीं आणि रात्रभर राबतो, त्यास आपण हातानें घालवूं नये.

आणि आज तेंच घडत आहे. या प्राण्याचे खवले परदेशीं औषधाच्या नांवाखालीं विकले जातात. वास्तविक तो पदार्थ आपल्या नखांचा व केंसांचाच. त्यांत औषधी गुण असेल तर तो न्हाव्याच्या केरांतही असावयास हवा. या व्यापारास सन २०१६ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें बंदी घातली. सन २०२० मध्यें चीननेंही आपल्या अधिकृत औषधसूचींतून हे खवले वगळले. तरी चोरटा व्यापार थांबलेला नाहीं. येथें आम्हांस आपल्याच बांधवांशीं स्पष्ट बोलणें प्राप्त आहे. शहरांतून येणाऱ्या दलालास रानांतील बीळ ओळखतां येत नाहीं. तें दाखविणारा मनुष्य गांवचाच असावा लागतो. धोका दिसतांच अंगाचा गोळा करून निपचित पडणें एवढाच या प्राण्याचा बचाव. वाघापासून त्याचें रक्षण होतें, पण मनुष्य तोच गोळा उचलून पोत्यांत घालतो. मादी बहुधा एका वेळीं एकच पिलूं देते व तें शेपटीवर बसवून हिंडविते. म्हणजे एक गेलें तर त्याची भर लवकर होत नाहीं. पिंजऱ्यांत ठेवून पोसावें म्हटलें तर मुंग्यांवांचून तें जगणें कठीण.

ज्यांस हिताची गोष्ट पटत नाहीं त्यांनीं कायद्याची तरी ध्यानांत ठेवावी. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत हा प्राणी आहे. सन २०२२ च्या दुरुस्तीप्रमाणें अशा प्राण्याच्या शिकारीस ३ ते ७ वर्षांची कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. दलाल निसटतो, सातबारावर नांव असलेला शेतकरी कोठें पळणार?

आमचे कांहीं वाचक म्हणतील, कीं हें जनावर बांधास भोंक पाडतें व भातखाचरांतील पाणी वाहून जातें. तक्रार खरी आहे. अशा बिळाच्या तोंडाशीं दोन-तीन संध्याकाळीं बारीक माती पसरावी; सकाळीं पाऊल उमटलेलें नसेल तर बीळ रिकामें जाणून बुजवावें. परंतु वरकस जमिनींतील व रानाच्या कडेचें बीळ तसेंच राहूं द्यावें, धुरी देऊं नये, भाजावळीची आग तेथपर्यंत जाऊं देऊं नये. डुकरांसाठीं विजेचें कुंपण घालणाऱ्यांनीं आणखी एक जपावें. तारेचा झटका बसला कीं हा प्राणी मागें सरण्याऐवजीं तारेभोंवतींच वेटोळें घालतो व मरतो; दक्षिण आफ्रिकेंत हा अनुभव पुष्कळ आला आहे. खालची तार डुकराच्या नाकाशीं लागेल इतपत उंच ठेवावी, जमिनीलगत नेऊं नये.

चिपळूण तालुक्यांतील डुगवे गांवानें सन २०२० मध्यें या प्राण्याचा उत्सव केला आणि त्याची प्रतिमा ग्रामदेवतेच्या पालखींत मिरविली. प्रत्येक गांवानें पालखी काढावी असें नाहीं. परंतु आपल्या हद्दींतील बीळ परक्यास दाखवावयाचें नाहीं, आणि कोणी विचारीत आला तर वनरक्षकास कळवावयाचें, एवढा ठराव ग्रामसभेस खर्चावांचून करतां येईल. सातबारावर विहिरीची नोंद होते, झाडांची होते. या चाकराची होत नाहीं. ती गांवानें ध्यानांत ठेवावी, अशी आमची सूचना आहे, आणि आपल्या संघाच्या सभासदांनीं ती येत्या ग्रामसभेपुढें मांडावी.