खोडलेले कार्ड

आमच्या दोडामार्गाला समुद्र नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी, तिलारीच्या खोऱ्यात वसलेले हे गाव. मासळी येते ती वेंगुर्ल्याहून, मालवणाहून, नाही तर हद्द ओलांडून म्हापशाहून. तरीसुद्धा इथल्या माणसाला मासळीतले कळत नाही असे म्हणण्याचे धाडस कुणी करू नये. मी ते एकदा केले, त्याची ही हकीगत.

मालवणी शब्दांचा एक छोटासा संग्रह करावा म्हणून मी विद्यार्थ्यांना कोरी कार्डे वाटली होती. प्रत्येकावर तीन रकाने: शब्द, लिंग, अर्थ, मासा असेल तर शास्त्रीय नावही. वेंगुर्ल्याकडची, मामाकडे राहून शिकणारी एक मुलगी माशांची कार्डे घेऊन आली. त्यांत ‘पालू’ची दोन होती: एक ‘काळा’, दुसरे ‘पिवळ्या परांचा’. मी लाल पेन्सिलीने दुसरे खोडले आणि शेजारी ‘पुनरुक्ती’ असा शेरा मारला.

ती हळूच म्हणाली, “सर, ते दोन आसत.”

“एका शब्दाला एक कार्ड,” मी म्हणालो. मास्तर असे बोलला की वाद संपतो. उरलेल्या कार्डावर मी ‘पु.’ लिहिले, पुढे ‘अकँथोपॅग्रस बर्डा’ लिहिले, आणि संग्रह महाविद्यालयाच्या वार्षिकात छापून मोकळा झालो.

पुढल्या वर्षी बाजारात मासळीवालीच्या पाटीत दोन पालू शेजारी शेजारी दिसले. एक काळसर, दुसऱ्याचे खालचे पर हळदीत बुडवल्यासारखे. मी विचारले तेव्हा बाई हसली. “दोनय पालूच. ह्यो काळो, ह्यो पिवळ्या परांचो. तुमी इतके शिकलेले, आणि ह्या दिसना नाय तुमका?”

दोन्ही मासे घेतले आणि तडक एका प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक स्नेह्यांकडे गेलो. त्यांनी आधी माशांची तोंडे उघडून दाखवली: पुढे टोकदार दात, मागे खलबत्त्यासारख्या दाढा. कालवे, शिंपल्या, कुर्ल्या फोडून खाणारे हे ‘स्पॅरिडी’ कूळ. मग काळ्याच्या नावाची कुळकथा सुरू झाली.

लिनियसचा शिष्य पेटर फोर्स्कोल याने हा मासा तांबड्या समुद्रावर पाहिला आणि तिथल्या अरबी नावावरून त्याला ‘स्पॅरस बर्डा’ म्हटले. माशांची कातडी तो झाडाच्या पानांसारखी कागदावर चिकटवून ठेवी. 1763 साली तो येमेनात तापाने वारला. त्याचा सोबती कार्स्टन नीबूर मुंबईला आला, घारापुरीची लेणी पाहून गेला, आणि त्यानेच मित्राचे पुस्तक 1775 मध्ये छापले. पुढे एकोणिसाव्या शतकात हाच मासा ‘क्रिसोफ्रिस’ झाला, विसाव्यात काही काळ ‘मायलिओ’, आणि अखेर ‘अकँथोपॅग्रस’. हे काटेरी नाव विल्हेल्म पीटर्सने 1855 सालीच करून ठेवले होते. ग्रीक ‘अकँथा’ म्हणजे काटा.

दोडामार्गकराला याचे नवल वाटू नये. 1961च्या डिसेंबरपर्यंत आमच्या पलीकडे पोर्तुगीजांचे राज्य होते. 1999 साली सावंतवाडीतून आमचा तालुका वेगळा निघाला. माणूस एका तालुक्यात झोपला आणि दुसऱ्यात उठला. बिछाना तोच!

“मग हा खटाटोप कशाला?” मी विचारले.

“पीटर्सने ज्या आफ्रिकी माशावरून ही प्रजाती उभारली, तो पुढे ‘बर्डा’च समजला गेला,” ते म्हणाले. “2010 साली इवात्सुकी आणि हीमस्ट्रा यांनी तो पुन्हा वेगळा काढला. 2013 साली इवात्सुकींनी पिवळ्या परांच्या माशांतून तीन नव्या जाती दाखवल्या. त्यांतली एक अरबी समुद्राच्या काठची, ‘अरेबिकस’. दोघांना एकाच नावाने मोजले, तर त्यांतला एक संपला तरी वहीत काही कमी होत नाही.”

मला ते लाल पेन्सिलीचे कार्ड आठवले आणि खाली मान घालावीशी वाटली.

“आणि हे ‘पु.’ कुणी लिहिले?” ते हसून म्हणाले. हे मासे आधी नर असतात. वाढले की त्यांतले पुष्कळसे मादी होतात. म्हणजे आपण घासाघीस करून थोरला पालू घरी आणतो, तो बहुधा उद्याची अंडी घालणारी आईच असते! व्याकरणाने तो ‘तो पालू’ राहील. पण सगळे थोरले उचलले, तर खाडीत नुसते नर उरतील हे व्याकरण सांगत नाही.

यंदाच्या वार्षिकात मी शुद्धिपत्र दिले आहे. पालूची कार्डे दोन, आणि चूक मुलीची नव्हे, संपादकाची, असे स्पष्ट लिहिले. ती मुलगी आता शिकून आपल्या गावी परतली आहे. अंक तिला धाडला, सोबत चार ओळींची क्षमा मागितली.

उत्तर आले, पोस्टकार्डावर: “सर, पालूसारखो आणखी एक आसा. पण तो बघितल्याशिवाय तुमी मानूचे नाय.”

दिवाळीच्या सुटीत वेंगुर्ल्याला जाणार आहे. खिशात कोरी कार्डे आहेत. लाल पेन्सिल घरीच ठेवली आहे.