चार मतांचे धर्मशिक्षण

ज्या इंग्लंडात १९४४ च्या कायद्याने सरकारी शाळांत धर्मशिक्षण अनिवार्य केले, तेथेच त्याचा अभ्यासक्रम लंडनच्या दप्तरातून न उतरता प्रत्येक स्थानिक कौन्सिलच्या परिषदेत सिद्ध व्हावा, ही व्यवस्था विचारार्ह आहे. चर्च ऑफ इंग्लंड, इतर पंथ व धर्म, शिक्षक आणि कौन्सिल अशा चार समित्यांना प्रत्येकी एकच मत. त्यामुळे पाद्री आणि गुरुद्वाऱ्याचा प्रतिनिधी एका मेजाशी बसतात आणि चारही समित्यांच्या संमतीविना मसुदा मंजूर होत नाही. शिवाय पाल्यास त्या तासातून वगळण्याची पालकांस मुभा असते. या पद्धतीत दिरंगाई होते, हे कबूल. परंतु जे ठरते ते सर्वांच्या संमतीने ठरते. आपल्याकडेही याला आडकाठी नाही: आपल्या घटनेच्या २८ व्या कलमाने पूर्णतः सरकारी खर्चाच्या शाळांत धार्मिक शिक्षणास मज्जाव केला असला, तरी शेजाऱ्याचा धर्म समजून घेण्यास केलेला नाही. तेव्हा असे मेज आपणही मांडावे.