भिंगाची छत्री

कॅमेऱ्याच्या भिंगापुढे बसविण्याच्या एका पोकळ नळकांड्यावरून वाङ्मयीन मासिकात वाद मांडावा, हे पुष्कळ वाचकांस चमत्कारिक वाटेल. छायाचित्रकार त्या वस्तूस 'लेन्स-हूड' म्हणतात. आम्ही तिला भिंगाची छत्री म्हणतो. वस्तू क्षुद्र खरी. परंतु तिच्या निमित्ताने आमच्या सुशिक्षित वर्गात जे दोन पक्ष पडलेले दिसतात, त्यांची वृत्ती तितकी क्षुद्र मानता येत नाही. एका पक्षाचे म्हणणे असे की, ज्या कंपनीचे भिंग त्याच कंपनीची छत्री हवी. बाकी सारा गावंढळपणा. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, नळाच्या पाइपाचा तुकडा, औषधाच्या डबीचे टोपण, नाहीतर मित्राच्या भिंगावरची जुनी छत्री, हाताला लागेल ते बसवावे, सगळे चालते. आमच्या मते दोन्ही पक्ष एकाच दोषाचे धनी आहेत. मोजपट्टी दोघांनीही हाती घेतलेली नाही. पहिला कंपनीचा शिक्का पाहून निश्चिंत होतो, दुसरा स्वतःच्या युक्तीवर खूश होऊन.

ही छत्री कशासाठी असते ते प्रथम पाहू. कलत्या उन्हात बांधावर उभा राहून लांबून कोण येते आहे ते न्याहाळणारा शेतकरी कपाळावर आडवा हात धरतो. त्याच्या डोक्यावर गांधी टोपी असली तरी तिला पुढे कड नाही. तेव्हा हाताचे काम काही चुकत नाही. भिंगाला असा हात नाही, म्हणून छत्री. चित्राच्या चौकटीबाहेरचा जो प्रकाश भिंगावर तिरपा पडतो, तो चित्र घडविण्याच्या कामी तर येत नाहीच. उलट काचांमध्ये इकडून तिकडे आपटत राहतो आणि साऱ्या चित्रावर पांढुरका पडदा धरतो. काच आणि हवा जेथे भेटतात तेथे, काचेवर लेप नसल्यास, सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. चार काचांच्या सुप्रसिद्ध टेसर भिंगात असे ६ पृष्ठभाग होते. म्हणजे आलेल्या प्रकाशाचा पाचव्या हिश्शाहून अधिक भाग वाटेतच भरकटे. १९३५ साली झाइस कंपनीच्या स्माकुला यांनी काचेवर लेप चढविण्याची रीत काढली, पुढे लेपावर लेप आले, आणि आता उत्तम भिंगात एका पृष्ठभागामागचे नुकसान अर्ध्या टक्क्याच्याही आत आले आहे. तथापि काचांची संख्याही वाढली आहे, आणि समोरच्या काचेवरची धूळ व बोटाचे ठसे यांवर कोणताही लेप चालत नाही. छत्रीची गरज कमी झाली आहे, संपलेली नाही.

आमच्या वर्धा जिल्ह्यात तर ती मुळीच संपलेली नाही. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास येथे मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या घटकेस छत्रीला फारसे काम नसते. तिचे खरे काम सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात. आणि विदर्भातील लग्नांचे फोटो नेमके त्याच वेळी निघतात. मंडळींचे डोळे उन्हाने मिटू नयेत म्हणून शहाणा छायाचित्रकार सूर्य त्यांच्या पाठीशी ठेवतो. साहजिकच तो सूर्य भिंगाच्या तोंडावर येतो, आणि मांडवाचे पांढरे कापड व धुळीने भरलेले आकाश त्यास साहाय्य करतात.

यात एवढे काय बिघडले, असे कोणी विचारील. आमच्या घरांत वृद्ध माणसांचे स्वतंत्र छायाचित्र क्वचितच काढलेले असते. माणूस गेल्यावर धावाधाव होते, आणि कोणाच्या तरी लग्नातल्या समूहचित्रातून त्याचा चेहरा कापून, मोठा करून, चौकटीत बसवून त्यावर हार चढविला जातो. पुढे नातवंडांना आजी म्हणून जी ठाऊक होते ती त्या चौकटीतली. तिच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या, कपाळावरचे गोंदण, लुगड्याच्या काठाची वीण हे सारे त्या पांढुरक्या पडद्याने पुसले गेले असेल, तर ते नुकसान कोणत्या दुकानात भरून मिळणार? हल्ली यावर एक सोपे उत्तर तयार असते: पुढे संगणकात दुरुस्त करू. संगणक काळे अधिक काळे करील, पांढरे अधिक पांढरे करील. पण जो बारकावा पडद्याखाली दबून गेला, तो त्याने आणायचा कोठून? त्याच्या जागी कण-कण माजतात, किंवा हल्लीच्या यंत्रांचा कल्पित चेहरा येतो. आजीच्या जागी आजीसारखी कोणीतरी बसविणे, यास आम्ही दुरुस्ती म्हणत नाही.

आता पहिल्या पक्षाचा समाचार घेऊ. छत्रीचे सारे रहस्य भिंगाच्या दृष्टिकोनात आहे. हा शब्द आम्ही येथे अक्षरशः वापरतो. छत्रीची खोली जितकी वाढेल तितके तिचे तोंड रुंद हवे, नाहीतर तिची कड चित्राच्या कोपऱ्यात शिरेल. मोठ्या चौकटीच्या, म्हणजे ३६ × २४ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर २८ मिलिमीटरचे भिंग असेल, तर छत्रीच्या प्रत्येक सेंटीमीटर खोलीमागे तिचे तोंड काचेच्या कडेपासून चहूबाजूंनी सुमारे ७.७ मिलिमीटर मोकळे हवे. ५० मिलिमीटरच्या भिंगास हाच आकडा ४.३ होतो आणि २०० मिलिमीटरच्या भिंगास अवघा १.१. म्हणजे २८ची छत्री २००वर चढविली तर ती केवळ शोभेची; आणि २००ची छत्री २८वर चढविली तर चित्राचे चारही कोपरे काळे. येथवर अस्सलवादी मान डोलावतील. पण आमच्या महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थ्यांच्या हाती लहान चौकटीचा कॅमेरा असतो, आणि भिंग पुष्कळदा मोठ्या चौकटीसाठी घडविलेले. त्या लहान चौकटीवर ५० मिलिमीटरच्या भिंगाचा आकडा ४.३वरून सुमारे २.८वर उतरतो. मोठ्या चौकटीच्या मापाने बेतलेली कंपनीची अस्सल छत्री येथे अर्धवटच सावली देते. तेथे दुसऱ्या एखाद्या भिंगाची अधिक खोल छत्री, विजोड म्हणून हिणवलेली, अधिक चांगले काम करते. मग जोड कोणती आणि विजोड कोणती? शिक्का एक सांगतो, भूमिती दुसरेच सांगते. आणि प्रकाशाला शिक्का वाचता येत नाही.

परंतु एवढ्यावरून दुसऱ्या पक्षाने हर्षित होण्याचे कारण नाही. 'जुगाड' या शब्दास हल्ली मोठी प्रतिष्ठा आली आहे, आणि वर्ध्यास राहणाऱ्या माणसाला तर सुनावण्यात येते की, हाताशी असेल त्यावर भागवणे हीच तुमच्या मातीची शिकवण. आम्हांस हे विधान मान्य नाही. ज्या विचाराने १९३४ साली वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, त्या विचारात 'काहीही चालते' हे वाक्य नव्हते. त्याच विचाराच्या चरखा संघाने १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले, तेव्हा किती अटी घातल्या होत्या ते पाहावे. किंमत १५० रुपयांवर जाता कामा नये, सूत अमुक अंकाचे निघाले पाहिजे, यंत्र २० वर्षे टिकले पाहिजे. किर्लोस्करांच्या कारखान्यातूनही एक चरखा पुढे आला. तथापि पारितोषिक अखेरपर्यंत कोणासच मिळाले नाही. घरगुती वस्तूला कारखान्याच्या वस्तूपेक्षा अधिक कडक परीक्षा द्यावी लागे, हा त्या चळवळीचा अभिमान होता. तिचे नाव घेऊन पाइपाचा चकचकीत तुकडा भिंगावर बसविणे म्हणजे भिंगाला टोपी घालता घालता स्वतःलाच टोपी घालून घेणे होय. अशा तुकड्याच्या आतल्या गुळगुळीत भिंतीवरून तिरपा प्रकाश घसरत थेट काचेवर येतो. जो चोर बाहेर ठेवायचा, त्यास दार उघडून देण्यासारखेच ते.

छायाचित्रकलेपुरते बोलायचे तर याच जिल्ह्यातले एक उदाहरण पुरेसे आहे. महात्मा गांधी १९३६ साली सेगावास राहावयास आले. त्या गावास १९४० साली सेवाग्राम हे नाव मिळाले. तेथे त्यांच्या नात्यातील कनु गांधी यांना फोटो काढण्याची परवानगी मिळाली ती तीन अटींवर: फ्लॅश वापरायचा नाही, कोणास मुद्दाम बसवायचे नाही आणि आश्रम पैसा देणार नाही. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या १०० रुपयांतून त्यांनी रोलायफ्लेक्स कॅमेरा घेतला. त्या अटींत राहून १९४८पर्यंत त्यांनी जी चित्रे घेतली, ती आज देशाची ठेव आहेत. साधने थोडी होती. म्हणूनच अंगणातले ऊन आणि कुडाच्या घरातला अंधार यांचा हिशेब माणसालाच ठेवावा लागला. गरिबी ही ढिलाईस सबब नव्हती. ती दक्षतेची सक्ती होती.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. घरी केलेली छत्री अवश्य वापरावी. पण आतून मंद काळा कागद किंवा मखमल लावून, आणि काही सुटून काचेवर पडणार नाही अशी पक्की करून. दुसऱ्या भिंगाची छत्री उसनी घ्यावी. पण वरील हिशेब करून. पाकळ्यांच्या आकाराची छत्री चौकटीच्या कोपऱ्यांकडे बेतलेली असते. ती पाव फेरा चुकली तरी कोपरे खाते, आणि फोकस करताना ज्या भिंगाचे तोंड फिरते त्यावर ती बसवूच नये. लांबआखूड होणाऱ्या भिंगाची छत्री त्याच्या सर्वांत रुंद दृष्टीस बेतावी लागते, म्हणून लांबच्या टोकास ती उणी पडते. तेथे हाताचा आडोसा धरण्यात कमीपणा नाही. सूर्यच चौकटीत घेतला असेल तर कोणतीही छत्री उपयोगी नाही. आणि लग्नघरी जाण्यापूर्वी कोऱ्या भिंतीचे दोन फोटो घ्यावेत, एक भिंगाचे छिद्र पूर्ण उघडून व एक ते बारीक करून, फोकस दूरवर ठेवून. कोपरे स्वच्छ आले तर छत्री उत्तीर्ण. मग हाच फोटो उन्हाकडे तोंड करून, छत्री लावून व काढून घ्यावा. दोन चित्रांत फरक दिसला नाही, तर ती छत्री कितीही महाग असो वा कितीही युक्तीची असो, ती निरुपयोगी आहे.

या परीक्षेस पाच मिनिटे लागतात आणि एक पैसा लागत नाही. ज्या छायाचित्रकाराकडे तेवढी पाच मिनिटे नाहीत, त्यास यजमानांनी मांडवात उभे करू नये, मग त्याच्या भिंगावर कोणत्याही कंपनीचे नाव असो.