परदेशी पदवी आणि लासलगावचा कांदा

मे-जून आला की ओळखीपाळखीच्या घरांतून एक प्रश्न हमखास येतो. मुलगी बी.कॉम. झालेली असते, आता 'इंटरनॅशनल बिझनेस'मध्ये मास्टर्स करायचे म्हणते, इंग्लंडात एका वर्षाचा कोर्स आहे, बँक कर्ज द्यायला तयार आहे, पाठवावे का? मी तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले, म्हणून मला विचारतात. माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: तिथे नेमके काय शिकवणार आहेत? राहण्याची सोय, तिथली थंडी, विमानाचे भाडे, सगळे घरात पाठ असते. अभ्यासक्रमाचा कागद मात्र बहुधा कुणी वाचलेला नसतो.

या शिक्षणाचा एक भाग व्यवहाराचा. लेटर ऑफ क्रेडिट कसे उघडतात, बिल ऑफ लेडिंग कोणाच्या हाती राहते, 'एफओबी' आणि 'सीआयएफ' भावांत विम्याचा आणि जहाजभाड्याचा बोजा कोणावर पडतो, हे सारे त्यात येते. उपयोगाचेच आहे. पण न्हावा-शेव्याला माल सोडवणाऱ्या क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत सहा महिने उमेदवारी केली, तर यातले बरेचसे अंगवळणी पडते. वर चार पैसे मिळतात ते वेगळेच.

दुसरा भाग तुलनात्मक अर्थशास्त्राचा. तोच धंदा, तेच पीक, तेच धोरण दोन देशांत वेगवेगळी फळे का देते, याचा शोध म्हणजे हा विषय. पूर्वी त्यात भांडवलशाही विरुद्ध समाजवाद हाच मुख्य सामना असे. डिसेंबर १९९१मध्ये सोव्हिएत संघच मोडला, तेव्हा हा विषयही संपला असे काहींना वाटले. खरे तर तेव्हाच त्यात रंग भरला. पोलंडने १९९०मध्ये बाजार खुला केला, रशियाने १९९२मध्ये. औषध जवळपास एकच, पण गुण किती निराळा! मग अभ्यासकांची नजर न्यायालये, बँका, मालमत्तेचे कायदे यांच्याकडे वळली.

आपल्या दाराशीच पाहा. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क बसवले. ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. मे २०२४मध्ये बंदी उठली, पण शुल्क राहिलेच, आणि टनाला ५५० डॉलरचा किमान निर्यातभावही आला. शुल्क पुरते गेले ते १ एप्रिल २०२५ला. शहरातल्या गृहिणीला कांदा परवडावा हा सरकारचा हेतू, आणि तो खोटा म्हणता येणार नाही. पण लासलगावच्या बाजारात कांदा आणणाऱ्याने पेरताना कोणता हिशेब मांडायचा? आता नेदरलँड्सकडे पाहा. मराठवाड्याहून लहान देश; पिकलेला बहुतेक कांदा बाहेर विकतो आणि जगातल्या मोठ्या निर्यातदारांत मोडतो. तिथली जमीन सोन्याची नाही. पण पेरणी आणि विक्री यांच्यामध्ये नियम बदलत नाहीत, हा भरवसा खरेदीदारालाही असतो. नियम पाठ करणारा विद्यार्थी अधिसूचना वाचून थांबेल. तुलना शिकलेला विचारील, की शहरातले स्वयंपाकघर सांभाळायला दुसऱ्या देशांनी कोणती वाट काढली?

डॉ. आंबेडकर १९१३मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले आणि पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये. १९२३मध्ये त्यांचा रुपयावरचा प्रबंध लंडनमध्ये छापून निघाला. केन्ससारख्या पंडिताने भलामण केलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीवर त्यांनी त्यात टीका केली. रुपया स्वस्त झाला की निर्यातदाराचे साधते, पण महागाईच्या वेगाने मजुराची मजुरी वाढत नाही, हा हिशेब त्यांनी मांडला. प्रस्तावना लिहिणाऱ्या प्राध्यापक एडविन कॅनन यांना त्यातले बरेच मुद्दे पटले नव्हते, आणि तसे त्यांनी लिहिलेही. असा शिक्षक मिळणार असेल तर खुशाल कर्ज काढावे!

कर्जाचे मात्र नीट समजून घ्यावे. शिकत असताना हप्ते नसले तरी व्याज चढत असते. जानेवारी २०२४पासून इंग्लंडात अशा शिकवणीच्या मास्टर्ससाठी जाणाऱ्याला जोडीदार सोबत नेता येत नाही; नुकतेच लग्न ठरलेल्या घरांत हे व्हिसाच्या वेळी कळते आणि मग धावपळ उडते. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था १९३०पासून आहे, दिल्लीत परदेशी व्यापाराचीच सरकारी संस्था १९६३पासून आहे. तिथे प्रवेश मिळणे कठीण, हे खरे. पण चौकशीला पैसे पडत नाहीत.

परवा एका परिचित मुलीने अभ्यासक्रमाचा कागद आणून दाखवला. सारे विषय करार, विपणन आणि मालवाहतुकीचे. तुलनेचा एकच, तोही ऐच्छिक आणि अगदी तळाशी. मी तिला म्हटले, "हा घे. पण यंदा तो शिकवणार आहेत का, हे फी भरण्याआधी पत्र लिहून विचार." तिने विचारले आहे. उत्तर अजून यायचे आहे.